टण

गूळ चिरायचं काम माझं. ते आधीपासून ठरलेलं.
गॅसपुढं मुंजाजी उभे राहतात,
बनियनवर, खांद्यावर ओलं फडकं,
जिनिंगात मशीनपुढं उभे राहायचे तसेच,
पाय जरा फाकवून.

मानवतच्या त्या जिनिंगात एकतीस वर्षं
सरकी एकीकडं, रुई एकीकडं,
आणि मधल्यामध्ये त्यांचे कान गेले.
कधी गेले, कुणाला कळलंच नाही.
मी म्हणायची, हाक मारली तरी कामून ओ देत नाहीत?
सहा महिने मी रुसून बसले
एका बहिऱ्या माणसावर.

आता घरी असतात. रविवारी गोळ्या करतात.
गूळ, सुंठ, चिमूटभर मीठ, शेवटी चमचाभर तूप.
आमची दोघं पुण्याला, त्यांना गोड चालत नाही म्हणे.
खाणारी लेकरं गल्लीतली:
अलमास, तिचा शेंबडा भाऊ,
आणि कुंभाराचा विश्वंभर, जो दोन मागतो
आणि तिसरी खिशात टाकतो.

गूळ आधी घाम सोडतो,
मग फसफसतो, मग भांड्याच्या कडेला चढून बघतो.
बुडबुडे मोठे आहेत तोवर काही खरं नाही.
बारीक झाले, रंग भाजक्या विटेवर आला
की वाटीत माठातलं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचा.
बोटाखाली दबला, तर तो लाडवाचा पाक.
ताणला, तर थांबा अजून.
आणि गोटीसारखा झाला, तर उचलून ताटलीवर टाकायचा.
टण वाजलं पाहिजे.
बोरीच्या जत्रेतल्या एका रेवडीवाल्याच्या हाताखाली
लहानपणी दोन उन्हाळे काढले त्यांनी,
मजुरी म्हणून मिळाला तो हा एक आवाज.

तर ते थेंब टाकतात
आणि ताटलीकडं नाही, माझ्याकडं बघतात.
"वाजला?"
मी मान हलवते. आडवी, आडवी, मग उभी.
माझी मान म्हणजे त्यांचा कान.

मागं एकदा लेकीचा फोन आला नेमका त्याच वेळी.
तिचं काहीतरी घराच्या हप्त्याचं चाललं होतं,
मी ऐकत होते, आणि मान हलली.
उभी.
त्या दिवसाच्या गोळ्या ताटाला धरून बसल्या,
उलथन्याला धरून बसल्या,
अलमासचा हलणारा दात घेऊनच गोळी बाहेर आली.
ती पोरगी नाचत दाखवायला आली, तळहातावर
गोळी, गोळीत दात.
मुंजाजींनी दात बघितला. मग मला बघितलं.
काही बोलले नाहीत. ताट गरम पाण्यात भिजत घातलं.

पुढच्या रविवारी त्यांनी मला विचारलंच नाही.
मी मान तयार ठेवून उभी.
त्यांनी थेंब पाण्यातून काढला,
फडक्याला पुसला, मागच्या दाढेखाली ठेवला,
डोळे मिटले
आणि चावला.
कुट्.

मला ऐकू आलं. पण त्यांचा चेहरा!
पगाराच्या दिवशीसुद्धा मी तसा बघितला नव्हता.
"आतून येतंय ऐकू," ते म्हणाले,
सगळ्यांशी बोलतात तसंच, गल्लीला ऐकू जाईल इतकं मोठ्यानं,
"मशीन इथवर पोचली नव्हती!"

मग दुसरा थेंब टाकला, गरज नसताना.
माझ्यापुढं धरला.
"कान झाक," म्हणाले.
मी हातातली सुरी ठेवली,
गुळाचे चिकट हात दोन्ही कानांवर दाबले
आणि चावला.
परत एकदा, असं म्हणून
तिसरा.

तेवढ्यात पाक पुढं गेला.
त्या दिवसाच्या गोळ्या काळपट झाल्या, जराशा कडू.
लेकरांनी खाल्ल्या.
विश्वंभरनं मात्र एकच घेतली,
चोखली, विचार केला, आणि म्हणाला,
"काकू, खोकल्याची हाय का?"